खेप

आगीचा मंत्र सगळेच घेतात.
विजेचाही. शार्दूलने तर पहिल्याच दिवशी
मेलेल्यांना उठवायचा घेतला
आणि दुसऱ्या दिवशी कंटाळला.
मी पिसाचा घेतला.
सगळे हसले. अंगावरचं ओझं
तीस सेकंद पिसासारखं होतं, एवढंच.
कुणी मरत नाही, काही पेटत नाही.

पण गुहेच्या तळाशी राक्षस पाडून झाल्यावर
अकरा तलवारी, दोन ढाली, एक चिलखत
पिशवीत कोंबलं की पडद्यावर ओळ येते:
वजन जास्त झालं. तुम्ही चालू शकत नाही.
तिथे आग घेऊन काय करणार.

अप्पर इंदिरानगरातली आमची खोली.
कॉम्प्युटर फळीवर, फळीखाली खिळ्याला
आबांचा आकडा.
मार्केट यार्डात, भुसारला, एकतीस वर्षं,
शेंगदाणा, गूळ, साबुदाणा.
ती ओळ त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावली.
"किती झालं?"
दीडशेची हद्द आहे, आबा. एकशे बावन्न झालं.
"दोन किलोसाठी अडला?"
किलो नाहीत हो. नुसता आकडा आहे.
आबांनी खिळ्याकडे बघितलं.

मी मंत्र टाकला. गडी सुटला,
पायऱ्या, भुयार, दरीवरचा पूल,
आणि पुलाच्या बरोबर मध्यावर तीस सेकंद भरले.
थिजला. मंत्रशक्ती शून्य. मागून लांडगे.
आबा असे हसले की बशीतला चहा
गादीवर.
मग म्हणाले, "आमची गोणी शंभराची होती.
नंतर पन्नासाची झाली.
मंत्र नाही लागला.
बसून राहायला लागलं. सगळ्यांनी, एकदम."

त्याच पानावर उलटा मंत्रही असतो.
भार. समोरच्यावर टाकायचा.
तो तर कुणीच घेत नाही.
मनोऱ्याच्या दारातल्या पहारेकऱ्याने मला
सहा वेळा मारलं होतं, आधीच लोखंडाने लादलेला,
त्याच्यावर मी वरून थोडाच टाकला.
तलवार अर्धी उचललेली, तसाच उभा राहिला.
"त्याला काय झालं?"
ओझं टाकलं त्याच्यावर.
"लागलं कुठे?"
नाही. नुसता हलू शकत नाही.
आबा उठले. पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले.
"पाय बघ. गुडघ्यात वाकलाय."
वाकला नव्हता. त्या खेळात
वाकायचं चित्रच काढलेलं नाही.
"पुढून जाऊ नकोस त्याच्या," म्हणाले, "मागून जा."
आणि आकाशवाणी लावली.

पहाटे चारला जाग आली तर पडदा उजळ.
आबा माऊस दोन्ही हातांनी धरून,
चष्मा कपाळावर.
चार तलवारी घ्यायच्या, गुहेतून गावात,
दुकानापुढे टेकवायच्या, परत.
कुठला मंत्र वापरताय?
"कशाला? खेप करायची."
किती झाल्या?
"नववी."
विकायच्या ना पण? दुकानदाराला विका.
"विकल्या. त्याच्याकडचे पैसे संपले."
जरा थांबून,
"हे मात्र बरोबर दाखवलंय."

ढीग नव्हता तो. थप्पी होती.
एक मूठ इकडे, एक मूठ तिकडे,
कुठली सरकणार नाही अशी.
माऊसने तसं रचता येतं हे
मला तीन वर्षांत माहीत नव्हतं.

शार्दूल अजून विचारतो, पीस का, आग का नाही.
मी म्हणतो, सोयीचं पडतं.
दुकानदार दर तीन दिवसांनी नवे पैसे घेऊन बसतो,
ती थप्पी मात्र मी विकत नाही.
तीस सेकंदांत तिच्यावरून पुढे निघून जाता येतं,
पण तिथे आलो की
मी मंत्र संपू देतो.