सव्वाची वेळ

कुताइसीतल्या पडद्यांच्या दुकानात
रोज सव्वा वाजता कार्डाचं मशीन मान टाकायचं.
झुझुनाबाई म्हणाल्या, राउटरला दृष्ट लागलीय.
मी शिडी लावली, अँटेना फिरवल्या,
चॅनल सहावरून अकरावर नेला.
खालच्या न्हाव्याचे, वरच्या दंतवैद्याचे,
कुणाकुणाचे न दिसणारे दोरे
एकाच नेढ्यातून घुसू पाहणारे.

तिसऱ्या दिवशी नुसता बसून राहिलो.
सव्वा वाजला. गिऱ्हाईक ताटकळलं.
आणि मागच्या खोलीत
काहीतरी घुं घुं करत फिरू लागलं.

अम्ब्रोसी शिंपी. खार्चोचा वाडगा.
मार्चपर्यंत जेवायला घरी जायचा म्हणे.
मायक्रोवेव्हच्या काचेला नाक लावून
पिवळ्या उजेडातलं ते गरगरणं
असा बघत होता,
जणू आतून कुणी हाक मारेल.

मशीनला मी वीस मीटर वायर ओढून दिली,
पडद्यांच्या गठ्ठ्यांमागून, कुणाच्या पायात येणार नाही अशी.
बाईंनी कारण विचारलं.
जुनं झालंय मशीन, म्हटलं.

अम्ब्रोसी चमचा घेऊन बाहेर आला.
कडेला चटका बसतो, म्हणाला,
आणि मधे गारच राहतं.
हे करता का तुम्ही दुरुस्त?