दारावरची वीतभर जागा

सकाळी आल्या आल्या पंखा बंद करतो.
मे महिना, साळगाव, खिडक्याही लावलेल्या.
वारा लागला की खळ कडेनं आधी सुकते
आणि रात्रीतून सांधा तोंड उघडतो.
"उकडून मराल हो," घरची माणसं म्हणतात.
मी म्हणतो, कागद मेला तर पैसे द्याल का?

चिऱ्याच्या भिंती, खाऱ्या.
आधी तळवा ठेवायचा, मग मीटर.
मीटर आकडा सांगतो,
तळवा सांगतो गेल्या पावसात पाणी कुठवर चढलं होतं.
ओल असली तर सामान उचलायचं, आगाऊ घेतली असली तरी.
हे शिकवलं म्हापशाच्या केस्तांव मेस्तानं.
त्याच वर्षी त्याची तीन घरं सोलून निघाली होती.

मग ओळंबा.
दोरी सोडली की भाचा, रोहिदास, हसतो:
"मामा, दोरी वाकडी की भिंत?"
बावीस वर्षांत सरळ भिंत भेटलेली नाही.
पर्वरीचे नवे फ्लॅट तर या जुन्या घरांहून तिरके.
पहिली पट्टी ओळंब्याच्या शब्दावर.
कोपऱ्याला विचारायचं नाही, कोपरे खोटं बोलतात.

एकवीस इंच रुंद. खळ लावून घडी, सात मिनिटं.
सात म्हणजे सात. रोहिदास पाचाला उचलतो,
मी परत खाली ठेवायला लावतो.
मग शिडी, मग ब्रश, मधून कडेकडे,
बुडबुडा हाकत न्यायचा
कोंबडीचं पिल्लू खुराड्याकडे न्यावं तसा,
घाई न करता, पण नजर न काढता.
बटणांपाशी मेन बंद, फुलीचा छेद.
पात्याचं टोक दर पट्टीला मोडायचं,
मोडकी टोकं चहापत्तीच्या डब्यात;
घरात अनवाणी माणसं असतात.

या कागदावर डाळिंबाच्या फांद्या आणि एक पक्षी,
निळा, लांब शेपटीचा, कुठल्याच देशातला नसलेला.

खोली म्हणजे फेरा.
निघालो तिथंच शेवटची पट्टी येऊन भिडते
आणि तिथं नक्षी जुळत नाही.
कधीच नाही. एकवीसनं भाग जाईल
असं घर कुणी बांधत नाही.
म्हणून ती जागा आम्ही पहिल्याच दिवशी ठरवून टाकतो:
दाराच्या वर, वीतभर,
आत येणाऱ्याच्या पाठीमागे.

आसगावात, ताळगावात,
दोनापावलाला त्या बँकवाल्याच्या झोपायच्या खोलीत
कुठलं पान अर्धं आहे, मला ठाऊक आहे.
त्यांना नाही.
रस्त्यानं जाताना कधी वाटतं, एवढ्या घरांत माझं
एवढंच आहे.

संध्याकाळी इर्मेलिंद बाई आल्या, कंबरेवर हात ठेवून
चारी भिंती पाहिल्या.
नवरा येणार होता. तीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी,
वर्षाला दोन महिने घरी. आता कायमचा.
त्या सुंदर म्हणतील म्हणून मी थांबलो.
त्या म्हणाल्या,
"दाखय म्हाका, खंय जुळना तें."

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
रोहिदास माझ्याकडे बघायला लागला.
मी बोट वर केलं.
पक्ष्याचं डोकं, मान, थोडी पाठ,
आणि पुढे एकदम डाळिंब.

बाई हसल्या, डोळे पुसत हसल्या.
"आबेल पयलीं तेंच पळयतलो!"
म्हटलं, चौकटीवर पट्टी मारून झाकता येईल.
नको म्हणाल्या. पलंग मात्र ओढायला लावला
दाराकडे तोंड करून. आम्ही दोघांनी ओढला.

मग गोणीतली कात्रणं उपसत बसल्या.
कापलेली निळी शेपटी सापडली, खळीनं चिकट,
ती दोन बोटांत धरून आत घेऊन गेल्या.
कशाला, ते मी विचारलं नाही.

बाहेर पोदेर पों-पों करत गेला.
बादल्या धुतल्या, नखांतली खळ तशीच राहिली.
सकाळपर्यंत पंखा लावू नका,
एवढं दोनदा बजावून स्कूटर काढली.