कळ

सोहार, जुलै. कंपनीच्या दवाखान्यात
निळा कूलबॉक्स, त्यात बर्फाचं पाणी.
डॉक्टर रय्या थर्मामीटर दोनदा बघते. तीन अंश.
माझ्याकडे स्टॉपवॉच,
आणि दुभाषाचं काम, पगारात न धरलेलं.

आधी प्रश्न. एक ते पाच गुण.
"मोह आवरणं मला जमतं."
इब्राहिम सोलकर, परांचीवाला, दाभोळकडचा,
खोलीभर नजर फिरवतो.
कसला मोह, सिस्टर?
मी तिनावर गोल करते.
"हातातलं काम मी अर्धवट सोडतो."
हे फोरमनला विचारा, म्हणतो.

मग हात, मनगटापर्यंत.
अंदाज आधीच कागदावर आहे:
गुण जास्त, तर सेकंद जास्त.

त्याच्या आधीचा नेपाळी पोरगा हात काढेचना.
चौथ्या मिनिटाला डोळे मिटले.
दुखतंय का रे?
नाही. खोलीतला एसी सोमवारपासून बंद आहे.
पाच मिनिटांची मर्यादा, म्हणून मीच त्याचा हात
धरून बाहेर काढला.

सोलकर : नऊ सेकंद.
हात शर्टाला पुसला.
मी हळूच म्हटलं, जरा कळ काढा ना.
कशासाठी?
धक्क्यावर सहा वर्षं बर्फ फोडलाय मी, पहाटे चारपासून.
त्याचे पैसे मिळायचे.

तू काय म्हणालीस त्याला? डॉक्टरनं विचारलं.
कळ म्हणजे वेदना, मी सांगितलं. काढ म्हणजे बाहेर काढ.
म्हणजे वेदना काढून टाक?
नाही. तिच्यात राहा.
सब्र, ती म्हणाली.
ते आमच्याकडेही आहे, सबुरी,
पण ती वाट बघताना लागते.
हे दात उपटताना, बाळंतपणात,
शेजारी उभं असलेलं माणूस म्हणतं.
तिनं समासात काहीतरी लिहिलं, उजवीकडून डावीकडे.
मी एकतीस नंबरपुढे नऊ लिहिलं.

साडेबाराला सगळे सावलीत गेले.
सोलकर परत आला, दारातूनच :
हा बर्फ तुम्ही ओतूनच देणार ना?
हेल्मेट उलटं करून टेबलावर ठेवलं,
दोन्ही हात कोपरापर्यंत घातले
आणि सावकाश, एकेक तुकडा निवडत,
मोठे मोठे वर काढत राहिला.
पोरांच्या डोक्यावर ठेवायला, म्हणाला.
स्टॉपवॉच ड्रॉवरमध्ये होतं.
तळाशी थिजलेलं फोडायला
त्यानं माझी कात्री मागितली.