चौदा दिवस

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांच्या पोचांवरून हात फिरवला.
‘सदर नुकसान अपघातापूर्वीचे दिसते’
एवढं एक वाक्य लिहून
कितीजणांची तोंडं पाडली, मोजली नाहीत.
आता होटगी रोडला, माझ्याच अंगणात,
बेचाळीस अंशांत निंबाखाली हेराल्ड उभी आहे
आणि लोक मला विमा विचारतात.

मंद्रूपचे बिराजदार आले. चष्मा कपाळावर, पॉलिसी नाकाला लावून:
“कागदावर चाळीस हजार हाय की ओ,
अन् तुमी दोन लाख ऐंशी मागलालाव!”
म्हटलं, चाळीस हजार ही ती नसल्याची किंमत.
जळाली, चोरीला गेली, तर मिळायची.
मी सांगतोय ती असल्याची.
त्यांनी चहा बशीत ओतून सावकाश प्यायला.
पुन्हा आले नाहीत.

जुळे सोलापूरचा एक पोरगा.
लग्नांत फिरवणार, झेंडू लावून, तासाला हजार.
मग खाजगी पॉलिसी चालायची नाही, म्हटलं,
भाड्याची वेगळी लागते, हप्ता जास्त.
“कोण बघतंय ओ काका?”
मी बघायचो, बाळा.

कलबुर्गीहून फोन. आवाज गोड, हिशोब पक्का.
“पन्नास टक्के सूट आहे ना तुमची? गाडीबरोबर तीही द्या.”
ती सूट गाडीची नसते, माणसाची असते.
स्टेपनी देईन, जॅक देईन,
अख्खं बॉनेट पुढं उलटतं, सुसरीनं तोंड उघडावं तसं,
तेही तुमचं.
माझं निर्दोषपण तेवढं नाही मिळायचं.
बोलून गेलो,
आणि फोन ठेवल्यावर तो शब्द
शेंगाचटणीतल्या खड्यासारखा दाताखाली राहिला.

नाझमीन नदाफ रविवारी आली.
बापाचं डेंटिंगचं गॅरेज, हिची बी.कॉम.ची शेवटची परीक्षा झालेली.
कागद मागितलेच नाहीत.
बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत गेली,
टण, टण, टण,
डाव्या मडगार्डवर: थप.
“इथं पुट्टी आहे. बोटभर.
क्लेम का नाही घेतला?”

सूट जाईल म्हणून, असं सांगायला तोंड उघडलं.
तेही खरंच होतं. अर्धं.

शहाण्णवचा मे. कुंभारीचा फाटा.
सायकलवर टॉवेलांचा गठ्ठा, आणि गठ्ठ्यापुढं
नरसय्या गुंडेटी.
मीच दवाखान्यात नेला. प्लास्टरचे पैसे दिले,
नवी सायकल दिली, वर अकराशे रुपये.
तो हात जोडायला गेला आणि एकच हात वर आला.
मनगट पुढं सरळ झालं नाही.
यंत्रमागावर तुटला धागा सांधायला
दोन्ही हात लागतात.
थर्ड पार्टी म्हणजे तोच होता.
कोर्टात गेला असता तर कितीतरी पट मिळालं असतं,
कंपनीच्या खिशातून, माझ्या नव्हे.
मला दावा माहीत होता. त्याला नव्हता.
ऑफिसात माझं नाव निघू नये
एवढ्यासाठी मी दिलदार झालो.

ती काही बोलली नाही.
बॉनेट लावलं, हात फडक्याला पुसले,
दहा हजार कमी केले: “पुट्टीचे.”
मी घासाघीस केली नाही.

आरटीओचे फॉर्म भरले, सह्या केल्या.
चौदा दिवसांत विमा नावावर करून घे,
तोवर गाडी जपून चालव, हे दोनदा सांगितलं.
अंगणात तेलाचा एक डाग राहिला,
बायकोनं त्यावर तुळशीची कुंडी सरकवली.

नवव्या दिवशी फोन.
“सर, कंपनीच्या फॉर्मात एक रकाना आहे.
याआधी काही अपघात?
तुमच्या कागदांत तर काहीच नाही. काय लिहू?”

बाहेर कुणाचा तरी माग चालू होता, खटक खटक,
मध्येच थांबला.

म्हटलं, लिही: होय.
लिही, एक.
आणि पुढं जागा उरत असेल तर
नाव सांगतो.