चौथा टेक

पडद्यावर समुद्र दुभंगतोय, मुकाट.
आवाज खाली: साठ वादक, भाड्याची हार्प,
आणि मागच्या रांगेत मांडीवर हॉर्न घेऊन
बोटांवर मोजणारा ऑरेल वायन्टाउब.
एकशे चौसष्ट मात्रा गप्प बसायचं,
मग फुंकायचं,
घोडे बुडताना.

पहिल्यांदा कुणाची तरी खुर्ची करकरली.
दुसऱ्यांदा व्हायोला घाईत.
तिसऱ्यांदा ऑरेलच चुकला.
मोजता मोजता तो
ट्रिएस्टच्या धक्क्यावरची
हात हलवणारी माणसं मोजू लागला.

समुद्र मिटवून पुन्हा उघडला.
बारानंतर जादा पगार द्यावा लागतो,
म्हणून लाटांनीही आटपतं घेतलं.

परतताना बस पुलावर थांबली.
खाली लॉस एंजेलिसची नदी,
सिमेंटची, ठणठणीत कोरडी.
एक पोरगं सायकलवरून
पात्रातूनच पलीकडे निघालं होतं,
शीळ घालत,
बेसूर.