मधली पट्टी

आडव्या अक्षावर मीठ, उभ्यावर
तुरीच्या दाण्यातलं प्रथिन.
वक्र मी पेन्सिलीनंच काढते,
दर उन्हाळ्यात पुसावा लागतो.

रेषेखाली सगळं निवळ. तिथे काहीच घडत नाही,
कितीही वाट पाहा.
फार वर, उजवीकडे, नुसता गाळ:
घाईघाईत एकमेकांवर कोसळलेले रेणू,
नासलेल्या दुधासारखे.
मध्ये दोन अरुंद पट्ट्या.
एकीत स्फटिक जन्मतो, दुसरीत वाढतो.
जन्मल्या जागीच राहिला तर
हजार भावंडं, सगळी सुईच्या टोकाएवढी,
क्ष-किरणांपुढे न्यायला लाज वाटावी अशी.

थेंब काचेला उलटा टांगलेला.
खालच्या हौदातलं मीठ त्याचं पाणी ओढत राहतं
आणि थेंब नकाशावर सरकतो, तिरपा, वर,
दिवसाला माझ्या पेन्सिलीचा एखादा मिलिमीटर.

लांजेवार काका भिंगातून बघतात:
"काहून वो मॅडम, पाणी तं साफच दिसून राह्यलं."
साफच आहे, काका.
चौथा महिना.

अठरा मेला लाईन गेली.
अमरावती रोडवर शेहेचाळीस,
आणि विसाला लावलेली पेटी साडेतीन वाजता चौतीस.
ब-सहामध्ये एक होता. एकच. धारदार कडांचा.
मी पाहिलं तेव्हा कडा गोल झालेल्या,
चोखलेल्या खडीसाखरेसारख्या,
मग तेवढंही नाही.
थेंब जागचा हलला नव्हता.
खालची रेषा त्याच्या डोक्यावरून गेली होती.

काकांनी गिट्टीखदानच्या घरून मांजरीची मिशी आणली,
गळून पडलेली, तंबाखूच्या पुडीत.
मागितली मीच होती; त्यांना आधी थट्टा वाटली.
जुन्या स्फटिकांच्या चुऱ्यात बुडवून
मधल्या पट्टीतल्या थेंबातून ओढली, एकदाच.
इथे जन्म होत नाही, मी म्हटलं, वाढच होते,
बी बाहेरून आणावं लागतं.

"म्हणजे आमच्यावानी," ते म्हणाले,
"पैदा पवनीले झालो, मोठा हिथं."
आणि माठातलं पाणी प्यायला गेले.

मंगळवारी, मिशी गेली होती त्याच रेघेवर,
सात ठिपके.
सहावा जरासा कोनदार.

लाईन आहे अजून.
मी कुणालाच सांगितलेलं नाही.