विरजण

लॅपटॉपच्या डोळ्यावर मी टिकली लावलीय,
मरून, चार नंबरची, रोज वापरते तीच.
आत्या म्हणाल्या, यंत्राला कशाला गं कुंकू?
सांगितलं, कुणी आतून बघू नये म्हणून.
त्या बराच वेळ लॅपटॉपच्या मागे वाकून बघत राहिल्या,
आतून म्हणजे नक्की कुठून ते.

कोपरखैरणे, सिडकोची इमारत, दुसरा मजला,
एक खोली आणि खोलीएवढंच स्वयंपाकघर.
हीच माझी कचेरी, नऊ ते सहा.
ट्रेनिंगमध्ये म्हणाले होते, टेबल रिकामं हवं,
कागद नको, पेन नको, पडदा घरच्यांना दिसायला नको.
म्हणून भिंतीला पाठ लावून बसते,
फ्रिज आणि देव्हारा यांच्या मधल्या जागेत.
तिथून माझा पडदा फक्त गणपतीला दिसतो
आणि त्याच्याकडून काही बाहेर गेल्याचं ऐकिवात नाही.

वायफायचा पासवर्ड बदलला त्या रात्री
वरच्या मजल्यावरचा ओजस खाली आला,
काकू, नेट गेलंय का तुमचं?
गेलं नव्हतं.
ऐरोलीच्या ऑफिसातून तन्वीरचा फोन आला होता:
मॅडम, घरचं कनेक्शन कुणाकुणाला दिलंय?
मी सहा नावं सांगितली.
तो थोडा वेळ काही बोललाच नाही.
आता ओजसची आई जिन्यात भेटली की
हातातल्या किल्ल्या मोजत खाली जाते.

मुलगी विचारते, प्रोजेक्ट यावरून प्रिंटला टाकू?
नाही. पेनड्राइव्ह तरी लावू? नाही.
मग हा आपला नाहीच का?
चहा ठेवायला उठले तरी आधी दोन बटणं,
पडदा काळा, मग गॅस.
हात इतका सरावलाय की
परवा कपाट सताड उघडं राहिलं, दूध उतू गेलं,
लॅपटॉपला मात्र कुलूप होतं.

काम काय, तर दवाखान्याची बिलं.
नाव, वय, आजार, किती दिवस, किती रुपये.
आकडे जुळले तर पुढे, नाही तर मागे.

सोळा तारखेला, दुपारी साडेतीनच्या सुमाराला
एक पत्ता आला. आमचाच सेक्टर. आमचाच जिना.
पुंडलिक म्हात्रे, वय एक्कावन्न.
ओळखीचं माणूस असेल तर फाईल न वाचता वरिष्ठांकडे,
हा नियम मला झोपेतही म्हणता येईल.
पाठवली. दोन मिनिटांत पोच आली.
पण नावाच्या शेजारीच पुढचा रकाना असतो
आणि डोळा काही परवानगी घेऊन वाचत नाही.

संध्याकाळी वैजयंतावहिनी आल्या, वाटी घेऊन.
चमचाभर विरजण असेल का गं,
दूध उरतंय, हे जेवतच नाहीत हल्ली.
दोन बटणं. पडदा काळा.
मी विरजण दिलं, चमचाभर नाही, अर्धी वाटी.
एवढं कशाला, म्हणाल्या, आंबट होईल.
आत्यांनी विचारलं, बरे आहेत ना पुंडलिकभाऊ?
ॲसिडिटी, वहिनी म्हणाल्या
आणि माझ्याकडे बघितलं, सहज.
मी फ्रिजचं दार लावत होते.
बराच वेळ लावत होते.

महिन्याभरानं गच्चीवर, टाकी भरली का बघायला गेलो तेव्हा
त्यांनी स्वतःच विषय काढला.
खाली ठाणे-बेलापूर रोडकडून कंटेनरचा आवाज येत होता,
त्या थांबून थांबून बोलत होत्या.
कुणाला बोलू नकोस हं, तुला म्हणून सांगते.
किडनी आहे. एक काढावी लागणार.

आरशापुढे मी या क्षणाची तालीम केली होती, दोनदा.
भुवया किती वर, श्वास कुठे थांबवायचा.
त्यातलं काही आठवलं नाही.
त्यांचा हात धरला आणि मग लक्षात आलं,
माहीत नसलेलं माणूस इथं काहीतरी विचारतं.

कुठली, मी विचारलं.

डावी, त्या म्हणाल्या.